पाण्याचे धोरण ठरते खरेदीच्या काट्यावर

भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत तांदूळ मावेनासा झाला, तेव्हा २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यातील ५० लाख टनांहून अधिक तांदूळ इथेनॉल कारखान्यांना देण्याचे ठरविले. १ जुलै रोजी मध्यवर्ती साठ्यात सुमारे १३५ लाख टन तांदूळ असावा, असा सरकारचा स्वतःचाच निकष आहे. प्रत्यक्ष साठा त्याहून कितीतरी अधिक होता. या साठ्यासाठी दरवर्षी खरेदी होणाऱ्या तांदळापैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक तांदूळ पंजाब देतो. त्याच पंजाबात भूगर्भातून दरवर्षी जितके पाणी काढता येण्याजोगे असते, त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी उपसले जाते. राज्यातील सुमारे तीन चतुर्थांश विकासगटांची नोंद केंद्रीय भूजल मंडळाच्या दफ्तरी ‘अतिशोषित’ अशी आहे. पुन्हा भरून न येणारे पाणी उपसून पिकविलेले धान्य गोदामात साठवायचे आणि तेथे जागा उरली नाही म्हणून त्यातले काही मोटारींच्या इंधनासाठी द्यायचे, याला अन्नसुरक्षा म्हणावे काय, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन रूढ रीती आहेत. एक रीत शेतकऱ्याला दोष देते: वीज फुकट मिळते म्हणून तो पाण्याची नासाडी करतो. दुसरी पाटबंधारे आणि भूजल खात्यांकडे बोट दाखवते: कायदे आहेत, पण अंमलबजावणी नाही. दोन्हींत तथ्याचा अंश आहे. तरी दोन्ही मुख्य गोष्टीला बगल देतात. जमिनीत कोणते पीक घ्यायचे आणि त्यासाठी किती पाणी काढायचे, याचा निर्णय आपल्याकडे पाण्याशी संबंधित कोणत्याही खात्यात होत नाही. तो धान्यखरेदीच्या काट्यावर होतो. सरकार जे पीक ठरलेल्या भावाने, ठरलेल्या दिवशी आणि हवे तेवढे विकत घेते, तेच पीक शेतात उभे राहते. पाणी त्याच्यामागे जाते. म्हणून आपले खरे जलधोरण अन्न व सार्वजनिक वितरण विभागात लिहिले जाते, आणि ते लिहिताना भूजलाची पातळी कोणी विचारात घेत नाही.

सिंचनाच्या इतिहासात याचे पूर्वसंकेत आहेत. १८३७-३८ च्या दुष्काळाने गंगा-यमुनेचा दुआब होरपळून निघाला आणि त्यातून १८५४ मध्ये गंगा कालवा वाहू लागला. पुढे १८७६-७८ चा महादुष्काळ, १८८० चा दुष्काळ आयोग आणि १९०१-०३ चा सिंचन आयोग या क्रमाने कालव्यांची दोन गटांत विभागणी रूढ झाली. महसुलातून आपला खर्च भरून काढणारी ती ‘उत्पादक’ कामे. खर्च भरून न आला तरी दुष्काळात माणसे जगवणारी ती ‘संरक्षक’ कामे. संरक्षक कालव्यामागचे तत्त्व साधे होते: थोडे पाणी अधिकाधिक क्षेत्रावर पसरायचे, म्हणजे पावसाने दगा दिला तरी ज्वारी-बाजरीसारखे पीक हाती लागेल. पंजाबातील वारबंदीही याच विचाराची. प्रत्येक शेताला त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात आठवड्यातला ठरावीक वेळ पाणी मिळे. ते कोणत्या पिकाला द्यायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, मात्र पाण्याच्या मर्यादेतच ठरवावे.

हे तत्त्व कोठे निसटले, हे महाराष्ट्रातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यासाठी जो नीरा डावा कालवा काढण्यात आला, तो संरक्षक म्हणून. हलक्या पिकांना पाणी घेण्यास चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी उत्सुक नसत. उसाला मात्र बाराही महिने मागणी असे. हळूहळू कालव्याचे पाणी उसाभोवती गोळा झाले आणि पुढे साखर कारखान्यांनी ही मांडणी पक्की केली. अभियंत्याने पाणी पसरण्यासाठी पाट खोदले आणि खात्रीच्या गिऱ्हाइकाने ते एका जागी ओढून घेतले. पंजाबात स्वातंत्र्योत्तर काळात घडले ते याहून वेगळे नाही. फरक इतकाच की, तेथे खात्रीचे गिऱ्हाईक खुद्द भारत सरकार होते आणि पाणी कालव्यातले नव्हते, जमिनीखालचे होते.

१९६५ हे या कथेतील निर्णायक वर्ष. कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ या दोन्ही संस्था त्या वर्षी अस्तित्वात आल्या. पाठोपाठ दोन वर्षे पावसाने ओढ दिली. १९६६ मध्ये देशाला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले, आणि अमेरिकी जहाजांच्या वेळापत्रकावर आपले रेशन अवलंबून असण्याचा अपमान राज्यकर्त्यांच्या जिव्हारी लागला. त्याच वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. नवे बियाणे, खत, पाणी आणि हमीची खरेदी हे चार घटक जेथे एकत्र आणणे सर्वांत सोपे होते, तो प्रदेश म्हणजे पंजाब. देशाच्या भूभागाच्या जेमतेम दीड टक्का असलेल्या या राज्याने देशाला भीक मागण्यापासून वाचविले, हे ऋण विसरून पंजाबच्या पाण्याची चर्चा करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु गव्हाबरोबर आलेल्या भाताची गोष्ट निराळी आहे. पंजाबी माणूस पोळी खाणारा; भात हे त्याचे पारंपरिक अन्न नाही. १९६०-६१ मध्ये तेथे भाताखाली २ लाख २७ हजार हेक्टर क्षेत्र होते. आज ते ३१ लाख हेक्टरांच्या आसपास, म्हणजे जवळपास १४ पट आहे. मका, बाजरी, कडधान्ये, भुईमूग या खरीप पिकांची जागा भाताने घेतली. अलीकडच्या काळात पांढरी माशी आणि गुलाबी बोंडअळीने गांजलेल्या माळवा भागातील कापूसही मागे हटला. वितळत्या बर्फाचे पाणी आणणारे कालवे या पिकाला पुरेसे नव्हते. ती तूट कूपनलिकांनी भरून काढली. १९७०-७१ मध्ये सुमारे दोन लाख असलेल्या कूपनलिका आज १४ लाखांच्या घरात आहेत, आणि १९९७ पासून शेतीपंपांची वीज, मधला अल्प काळ वगळता, मोफत आहे. या अनुदानापोटी राज्याच्या तिजोरीतून वर्षाला सुमारे १० हजार कोटी रुपये जातात.

शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडला, तर त्याच्या वागण्यात अविचार कोठेच दिसत नाही. हमीभाव वीसपेक्षा अधिक पिकांना जाहीर होतो. पण पंजाबात त्या भावाने निश्चित विकली जातात ती गहू आणि भात ही दोनच पिके. मक्याचा हमीभाव कागदावर राहतो आणि बाजारात मका त्याहून स्वस्त विकावा लागतो. २०२२ मध्ये राज्य सरकारने उन्हाळी मूग हमीभावाने घेण्याची घोषणा केली. पेरा वाढला, पण बाजारात आलेल्या मुगाचा मोठा भाग खासगी व्यापाऱ्यांनी हमीभावापेक्षा कमी दराने उचलला. जो शेतकरी एकदा असा फसतो, तो पुढच्या खरिपात भाताकडे परततो, आणि त्याला दोष देणारा सल्लागार त्या वर्षीचे नुकसान भरून देत नाही. अर्थतज्ज्ञ सरदारासिंग जोहल यांच्या समितीने गहू-भाताखालील किमान २० टक्के क्षेत्र अन्य पिकांकडे वळवा, अशी शिफारस १९८६ मध्येच केली होती. त्यानंतरच्या चार दशकांत भाताचे क्षेत्र वाढतच गेले. शिफारस चुकीची नव्हती. खरेदीचा काटा मात्र जागचा हलला नाही.

या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पाणी वर होते तेव्हा साध्या पंपावर काम भागत असे. पातळी खाली गेली तशी पंपासाठी आधी खड्डे खोदावे लागले, नंतर पाणबुडी पंप बसवावे लागले, आणि दर काही वर्षांनी बोअर आणखी खोल न्यावे लागते. हा खर्च मोठा जमीनदार सोसतो. दोन-तीन एकरांचा शेतकरी त्यासाठी अडत्याकडून कर्ज उचलतो, किंवा जमीन ठेक्याने देऊन मजुरीला जातो. वीज सर्वांना फुकट आहे, पण पाण्यापर्यंत पोहोचणे फुकट नाही. जमिनीखालचे पाणी त्या जमिनीच्या मालकाचे, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात शब्दबद्ध झालेले तत्त्व आजही आपल्या विचारात घट्ट बसले आहे. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच होतो की, ज्याचा बोअर अधिक खोल, त्याचे पाणी.

पाणी वाचवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पण ते सर्व खरेदीला हात न लावता झाले, आणि म्हणून त्यांचे परिणाम विचित्र निघाले. २००९ मध्ये पंजाब आणि हरियाणाने भूजल जपण्यासाठी कायदे केले. पंजाबच्या कायद्याने १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली; हेतू असा की, ऐन उन्हाळ्यात बाष्पीभवनाने जाणारे पाणी वाचावे. ते काही प्रमाणात वाचलेही. पण लावणी लांबली तशी कापणीही लांबली आणि गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळे करण्यास जेमतेम दोन-तीन आठवडे उरू लागले. एवढ्या अवधीत काडीकचरा हटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे काडी लावणे. वारा मंदावण्याच्या दिवसांत, ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात, हा धूर दिल्लीच्या दिशेने जातो. पाण्याची समस्या हवेत गेली, एवढेच. २०२५ मध्ये तर पंजाब सरकारने विभागवार १ जूनपासूनच लावणीस परवानगी दिली. कारण पुन्हा खरेदीचेच: उशिरा कापलेल्या भातात ओलावा अधिक राहतो आणि मंडीत तो नाकारला जातो.

अन्य उपायांची गतही तीच झाली. पंजाबने २०१८ मध्ये वाचविलेल्या प्रत्येक युनिट विजेमागे चार रुपये देणारी योजना आणली. कल्पना उत्तम, पण व्याप्ती छोटी राहिली. हरियाणाने २०२० मध्ये भात सोडणाऱ्यास एकरी सात हजार रुपये देऊ केले. प्रदीर्घ मुदतीच्या पुसा-४४ या वाणावर पंजाबने बंदी घातली आणि कमी दिवसांत येणाऱ्या वाणांना प्रोत्साहन दिले. हे पाऊल योग्यच आहे. केंद्राची सहा हजार कोटींची अटल भूजल योजना सात राज्यांत राबविली गेली. त्या यादीत हरियाणा, राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्र होते. ज्या राज्यातील भूजलावर देशाचे रेशन उभे आहे, तो पंजाब नव्हता. योजनेची आखणी आणि धान्याची खरेदी या दोन गोष्टी आपल्या शासनव्यवस्थेत एकमेकींना किती अपरिचित आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही.

यावर एक सरळ उत्तर नेहमी दिले जाते: भात पूर्वेकडे न्या. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. बिहार, पश्चिम बंगाल, आसाम, ओडिशा येथे पाऊस अधिक आहे आणि बऱ्याच भागात भूजल उथळ आहे. दक्षिण बिहारमध्ये पावसाचे पाणी अडवणारे आहर आणि नदीचे पाणी शेतात आणणारे पइन यांची जुनी, गावाने सांभाळलेली व्यवस्था होती. जमीनदारी गेल्यानंतर तिच्या देखभालीचा धनी कोणी उरला नाही. पूर्वेकडील शेतकऱ्याची अडचण पाण्याच्या टंचाईची नव्हती. डिझेलवर पंप चालवून पाणी काढणे त्याला परवडत नव्हते. पश्चिम बंगालने २०११ मध्ये सुरक्षित विकासगटांतील पाच अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना परवान्याच्या जाचातून मुक्त केले, हे त्या दृष्टीने शहाणपणाचे पाऊल होते. पण विकत घेणारा नसेल तर पाणी असूनही पीक तोट्यातच जाते. बिहारने २००६ मध्ये बाजार समिती कायदा रद्द केला. त्याची जागा घेणारी सक्षम खरेदीव्यवस्था मात्र उभी राहिली नाही, आणि तेथील भात हमीभावाखाली विकला जाण्याच्या तक्रारी कायम आहेत.

खरेदी जेथे पोहोचली, तेथे काय झाले हेही पाहिले पाहिजे. छत्तीसगढमध्ये राज्य सरकार एकरी २१ क्विंटलपर्यंत भात ३,१०० रुपये क्विंटल दराने घेते. तेलंगणात जानेवारी २०१८ पासून शेतीला २४ तास मोफत वीज मिळू लागली, नवे सिंचनप्रकल्प आले, सरकारी खरेदीही वाढली. त्यासरशी तेथील उन्हाळी भाताचे क्षेत्र झपाट्याने विस्तारले. पंजाबचे स्थलांतर करायचे तर त्याच्या चुकाही सोबत जाणार असतील, तर पन्नास वर्षांनी आपली नातवंडे हाच लेख तेलंगणाविषयी वाचतील. म्हणून प्रश्न केवळ भात कोठे पिकवावा, हा नाही. त्या प्रदेशातील पाण्याचा ताळेबंद पाहून खरेदीची मर्यादा ठरणार की नाही, हा आहे.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. जगाचे हवामान बेभरवशाचे झाले असताना पंजाबचा भरवसा सोडणे धोक्याचे नाही काय? मार्च २०२२ च्या उष्णतेने गव्हाचा उतारा घटला आणि मे महिन्यात निर्यात थांबवावी लागली. पाऊस अडखळण्याच्या भीतीने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली झाली. ८० कोटींहून अधिक लोकांना मोफत धान्य देणाऱ्या देशाने साठा हलका करण्याचा जुगार खेळू नये, हे मान्यच आहे. पण या आक्षेपाचे उत्तर त्याच्यातच दडलेले आहे. आणीबाणीसाठी राखून ठेवण्याची गोष्ट धान्याइतकीच पाणीही आहे. गोदामातला तांदूळ दोन-तीन वर्षांत खराब होऊ लागतो. जमिनीखाली राखलेले पाणी सलग दोन दुष्काळांनंतरही उपयोगी पडते. शिवाय कोणी पंजाबचा गहू सोडा असे म्हणत नाही. मध्यवर्ती साठ्यातील ४० टक्क्यांच्या आसपास गहू तेथून येतो, त्याला भाताच्या मानाने फारच कमी पाणी लागते आणि तो कालव्यांच्या आधाराने टिकू शकतो. कमी करायचा आहे तो अतिशोषित विकासगटांतील भात. जागतिक तांदूळ व्यापारात सुमारे ४० टक्के वाटा असलेल्या आणि तरीही गोदामे ओसंडून वाहणाऱ्या देशाला तेवढी मुभा निश्चितच आहे. त्याच देशाला खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आणि बरीचशी डाळ आयात करावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘अन्नसुरक्षा’ या शब्दाची आपण किती अरुंद व्याख्या करून ठेवली आहे ते कळते.

मग करायचे काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने आंदोलक शेतकऱ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला होता: तूर, उडीद, मसूर, मका आणि कापूस ही पिके पाच वर्षे हमीभावाने सहकारी व सरकारी संस्थांमार्फत घेऊ. शेतकरी संघटनांनी तो फेटाळला. २०२०-२१ च्या कायद्यांवरून झालेल्या वर्षभराच्या संघर्षानंतर अविश्वास स्वाभाविक होता; पण मुदतीचाही प्रश्न होता. भाताच्या खरेदीमागे पाच-सहा दशकांची परंपरा आहे. तिच्यासमोर पाच वर्षांचे आश्वासन उभे केले, तर कोणताही सावध शेतकरी जुन्या आश्वासनाचीच निवड करील. दिशा बरोबर होती, मुदत मात्र तोकडी होती. अतिशोषित विकासगटांपुरती का होईना, अशी हमी किमान १५ वर्षांची आणि कायद्याने बांधलेली असली पाहिजे. त्या गटांतील भाताची खरेदी दरवर्षी ठरावीक प्रमाणात घटत जाईल, हे वेळापत्रक त्याच कायद्यात आधीच जाहीर असावे. एक दार उघडले आहे याची खात्री पटल्याशिवाय दुसरे दार बंद करू नये. पण ते कधी बंद होणार हे लपवूही नये.

दुसरे काम विजेचे. अनुदान काढून घेण्याची भाषा राजकीयदृष्ट्या निष्फळ आहे आणि छोट्या शेतकऱ्यावर अन्याय करणारीही. आज जेवढी वीज दिली जाते, तेवढ्या किमतीचा वार्षिक हक्क प्रत्येक जोडणीधारकाच्या नावे नोंदवावा, पंपाला मीटर बसवावा आणि न वापरलेल्या विजेचे पैसे त्याच्या खात्यात जमा करावेत. पाण्याची किंमत मागण्यापेक्षा वाचलेल्या पाण्याची किंमत देणे सोपे आहे. तिसरे काम कालव्यांचे. शेवटच्या टोकापर्यंत कालव्याचे पाणी पोहोचले, तर मध्य पंजाबातील उपसा कमी होईल. आणि मुक्तसर, फाजिल्का या नैऋत्येकडील जिल्ह्यांत, जेथे उलट पाणथळ आणि क्षारपड जमिनींचे दुखणे आहे, तेथे निचऱ्याची वेगळी सोय लागेल. एकाच राज्यात पाणी एका बाजूला पाताळात जाते आणि दुसऱ्या बाजूला मुळांना कुजवते. दोन्हींना एकच उपाय चालणार नाही.

हा खर्च कोणी सोसायचा? याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: देशाने. पंजाबने पाणी खर्च केले ते मुंबई, चेन्नई आणि गुवाहाटीच्या रेशन दुकानांसाठी. गरजेपेक्षा अधिक तांदूळ विकत घेणे, साठवणे, वाहून नेणे आणि अखेरीस कमी किमतीत काढून टाकणे यावर केंद्र जे खर्च करते, त्याचा काही भाग तो तांदूळ पिकवू नये म्हणून खर्च करणे हा दानधर्म ठरत नाही, ती थकबाकीची परतफेड आहे. अन्न महामंडळाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ मध्ये दाखवून दिले होते की, हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल विकू शकणारे शेतकरी देशात जेमतेम सहा टक्के आहेत. खरेदीची भौगोलिक फेरमांडणी झाली, तर पूर्वेकडील कोट्यवधी शेतकऱ्यांना प्रथमच त्या वर्तुळात प्रवेश मिळेल.

वेळही फार नाही. मोफत धान्याची सध्याची योजना डिसेंबर २०२८ अखेर संपते. त्यानंतर शिधापत्रिकेवर काय द्यायचे, किती द्यायचे आणि ते कोठून आणायचे, याचा विचार सरकारला त्याआधीच करावा लागेल. त्या बैठकीत अन्न, कृषी आणि अर्थ या तीन मंत्रालयांचे सचिव असतील. त्यांच्या जोडीला जलशक्ती मंत्रालयाचा सचिव केंद्रीय भूजल मंडळाचा विकासगटवार तक्ता घेऊन बसला, आणि त्या तक्त्यावर खरेदीचे आकडे ठरले, तर एवढ्या एका प्रशासकीय बदलाने आजवरच्या अनेक योजनांनी साधले नाही ते साधू शकेल. १९६५ मध्ये आपल्याला धान्य हवे होते, आणि त्यासाठी दोन संस्था उभारण्याचे धैर्य आपण दाखविले. आज त्याच दोन संस्थांना पाण्याचा हिशेब वाचायला लावण्याचे काम उरले आहे.